सावकाशरावांचा आकडा

४ मार्च

प्रिय ठमे,

तुला, जावईबापूंना आणि आमच्या नातवाला पोटभर आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. माझे गुडघे होते तसेच कुरकुरतात, खालच्या दवाखान्यातलं दात कोरायचं यंत्र सकाळपासून फरशीतून घरघरतं, आणि स्वयंपाकघरातला नळ तुझ्या बाबांनी दुरुस्त केल्यापासून जास्त गळतो. म्हणजे सगळं नेहमीसारखंच आहे.

घरात फोन असताना आई पत्र का लिहीत बसली, असं तुला वाटेल. अगं, तुझा फोन आला की हे त्यावर झडप घालतात. मग स्पीकर लावतात, कारण ऐकू कमी येतं हे कबूल करायचं नाही. मी तोंड उघडलं की मध्येच "तिला हे सांग", "तिला ते विचार" सुरू. माझ्या वाट्याला शेवटचं "बरं, ठेवते" तेवढं येतं. म्हणून ठरवलं, की हे दुपारी आडवे झाले की दोन ओळी लिहायच्या.

तुझ्या खात्याने पेट्रोल वाचवायला महामार्गावरचा वेग एकशे दहावरून नव्वदवर आणला, तेव्हापासून आमच्या घरात विजयाचं वातावरण आहे. बस चालवताना जन्मभर ज्यांना डेपोतले लोक 'सावकाशराव' म्हणून चिडवायचे, त्यांच्या मागून आता सगळा देश चाललाय! प्रवासी काय काय म्हणायचे ते मी लिहीत नाही. तू लहानपणी बसमध्ये मागच्या सीटवर बसून ऐकलंच आहेस. आणि कंपनी तरी बघ, डिझेल वाचवल्याबद्दल दर वेळी बक्षीस काय देणार, तर भिंतीवरचं घड्याळ. सगळ्यांत उशिरा पोचणाऱ्याला घड्याळ! चार खोल्यांत चार लावली आहेत. हल्ली ती चारही निरनिराळी वेळ दाखवतात. मी म्हटलं, एकदा जुळवून घ्या. तर म्हणाले, "चालू आहेत ना, मग झालं."

खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना मात्र तुझा नियम मुळीच पसंत नाही. त्यांचा दुसरा दवाखाना महामार्गाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. जिन्यात भेटले की यांच्याशी हुज्जत ठरलेली. परवा म्हणाले, "काका, जाता-येता माझी वीस मिनिटं रोज जास्त जातात. पेट्रोल संपलं तर पुन्हा भरता येतं. वेळ कुठल्या पंपावर भरू?" यावर हे म्हणाले, "डॉक्टर, तुमच्याकडे येणारा माणूस तसाही वीस मिनिटं उशिरा पोचायलाच बघतो." दोघंही खो खो हसले. भांडण मात्र मिटलं नाही.

आणि अशात तुझं ते पत्रक आलं. सामान्य चालकांनी आपापल्या गाडीत दोन्ही वेगांनी फेरी करून पेट्रोल किती लागलं ते कळवावं म्हणे. बाबा खूश होतील म्हणून तू त्यांचं नाव घातलंस, हो ना? खूश कसले, हवेत आहेत. तुझा उल्लेख आता 'आमच्या साहेब' असा होतो. "साहेबांना आकडा पाठवायचाय" म्हणत दोन दिवस गाडी धुतली. पद्धत अशी, की पंपावर टाकी काठोकाठ भरायची, महामार्गाने धरणाच्या फाट्यापर्यंत जायचं, तिथून त्याच रस्त्याने परत यायचं आणि त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरायची. जेवढं भरावं लागलं तेवढं लागलं. आपल्या गाडीतला किलोमीटरचा आकडा कधीचाच बंद पडलाय, पण रस्ता तोच म्हटल्यावर अंतर तेच, असं त्यांचं म्हणणं. मलाही काम दिलंय. वेगाच्या काट्यावर नजर ठेवून मोठ्याने सांगत राहायचं. "चालकाने रस्ता बघायचा, काटा शेजारच्याने," हा हुकूम.

वेगाची फेरी झाली एकदाची. त्यासाठी रिकाम्या वेळी एकशे दहाची परवानगी तुम्हीच दिली आहे म्हणे. सगळा वेळ हे दात आवळून बसले होते. "नुसतं पेट्रोल ओततोय गं, ओततोय," असं पुटपुटत होते. मी दाराची मूठ धरून "एकशे आठ, एकशे दहा" असं ओरडत होते. या वयात असली थेरं! पण खरं सांगू, पुष्कळ दिवसांनी मजा आली.

हळू फेरी पुढच्या आठवड्यात आहे. ती म्हणजे यांच्या घरचंच काम. ब्रेक कमी लागावा म्हणून आधीच पाय उचलायची यांची सवय तुला ठाऊक आहे. प्रत्येक रस्त्यावर यांच्या पाय उचलायच्या जागा ठरलेल्या, की तिथून गाडी आपोआप घरंगळत बरोबर थांबावी. हल्ली जरा फारच आधी उचलतात. परवा सिग्नल पार लांब असताना गाडी रस्त्याच्या मधोमध थांबली, आणि मागे हा भोंग्यांचा कल्लोळ. मी म्हटलं, "अहो, एवढी कसली काटकसर?" तर माझ्याकडे बघून नुसते हसले.

तब्येत सांभाळ. नातवाला माझा पापा दे.

तुझी,
आई

—

१९ मार्च

प्रिय ठमे,

आशीर्वाद. तू कामात असशील, म्हणून मुद्द्याचंच लिहिते. यांनी तुला फोनवर जो हळू फेरीचा आकडा सांगितला, तो घेऊ नकोस.

कारण विचारू नकोस. पंपावरची बाई गप्पा मारत मारत पेट्रोल भरते, तिच्या हातून कमी-जास्त झालं असेल. किंवा त्या दिवशी वारा समोरून होता. मला गाडीतलं काय कळतं? पण तो आकडा बरोबर नाही, एवढं मला माहीत आहे. नव्वदने जाऊन एकशे दहापेक्षा जास्त पेट्रोल लागलं असं कधी होईल का? तूच सांग, तू शिकलेली आहेस.

यांनी तर पंपावर दोनदा तपासायला लावलं. मग गाडीत येऊन बसले. घरी आल्यावर जेवले नाहीत. मला वाटलं, एक दिवस रुसतील आणि मग पंपवालीला, नाहीतर गाडीला, नाहीतर मला बोल लावून मोकळे होतील. तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी स्टूल घेतलं आणि चारही घड्याळं खाली उतरवली. आता प्रत्येक खोलीत भिंतीवर एकेक गोल डाग दिसतो. घड्याळं कपाटाखाली पालथी घालून ठेवली आहेत आणि तिथून त्यांची टिकटिक ऐकू येते.

डॉक्टरांशी हुज्जत बंद आहे. काल जिन्यात ते नेहमीसारखे म्हणाले, "काय काका, किती वाचवलं?" तर हे म्हणाले, "तुमचंच बरोबर होतं, डॉक्टर. नुसता वेळ गेला." डॉक्टर बिचारे ओशाळले. मला हळूच विचारतात, "काकू, मी काही लागेल असं बोललो का?"

संध्याकाळी हे खिडकीशी बसतात आणि मधूनच एक गोष्ट सांगतात. मी ती कधी ऐकली नव्हती. एकदा बसमध्ये एक बाई यांच्या सीटमागे येऊन उभी राहिली. तिची आई शेवटच्या घटका मोजत होती. ती म्हणत होती, "दादा, जरा दाबा ना." यांनी दाबलं नाही. आपल्या वेगानेच नेली. "ती पोचली का गं वेळेवर?" असं मला विचारतात. मला काय माहीत? मी म्हणते, पोचली असेल. त्यावर म्हणतात, "डिझेल वाचतंय म्हणून मी नाही दाबलं. आणि ते तर वाचतच नव्हतं. मग मी इतकी वर्षं माणसांना उशीर कशासाठी केला?"

ठमे, मला हे बघवत नाही. तू तो आकडा काढून टाक आणि यांना फोन करून सांग की साहेबांनी तपासला, चूक पंपाची निघाली. एवढं माझं ऐक.

आणि उत्तर घरच्या पत्त्यावर पाठवू नकोस. खालच्या दवाखान्याच्या पत्त्यावर माझ्या नावाने पाठव. डॉक्टरांना सांगून ठेवलंय.

तुझी,
आई

—

२ एप्रिल

प्रिय ठमे,

तुझं पत्र मिळालं. डॉक्टर यांच्यासमोरच म्हणाले, "काकू, तुमच्या दातांचा कागद आलाय." मी पाकीट पदराआड लपवून वर आणलं. या वयात चोरून पत्रं घ्यायची वेळ आली माझ्यावर.

तुझंही चूक नाही. कारण दिल्याशिवाय एकही आकडा गाळता येत नाही, नाहीतर उद्या नियमाच्या विरोधातले लोक म्हणतील की नको ते आकडे तुम्ही दडपता. शिवाय तू लिहितेस की बाबांनी तुला वेगळा फोन करून बजावलं, "माझा आकडा घाल. माझ्याविरुद्ध गेला म्हणून लपवू नकोस." हे केव्हा केलं यांनी, मला पत्ताही नाही. हा माणूस असाच. स्वतःच्या गळ्याशी आलं तरी खोटं बोलणार नाही. आणि इथे मी एकावर एक थापा मारत बसलेय.

आता ऐक. पण बसून ऐक.

त्या दिवशी जाताना सगळं छान होतं. काटा नव्वदवर, हे खुशीत, शीळ घालत होते. धरणाच्या फाट्यावरून वळलो. परतीच्या वाटेवर आपल्या घराकडे उतरायची खूण म्हणजे ती उंच पाण्याची टाकी. टाकी दिसली की पाय उचलायचा आणि डावीकडे उतरायचं. ही जागा यांनी तुला शाळेत असताना दाखवली होती, तूच मैत्रिणींना ऐटीत सांगायचीस. तर टाकी आली आणि गेली, यांनी पाय उचलला नाही. मी म्हटलं, "अहो, टाकी गेली." हे म्हणाले, "कुठली टाकी?"

मला वाटलं, गंमत करतायत. यांना असल्या गमती करायची खोड आहेच. मी हसलेसुद्धा.

मग कुठल्यातरी उतारावरून खाली गेलो. तिकडे नुसती गोदामं. "जवळचा रस्ता आहे," असं म्हणाले. एक निळं फाटक लागलं, मोठमोठे टायर रचून ठेवलेलं. थोड्या वेळाने तेच फाटक पुन्हा. मग पुन्हा. मी काही बोलले नाही गं. रस्त्याच्या बाबतीत यांना मी आजवर कधी काही सांगितलेलं नाही, ती सवयच नाही. मी आपली काटा सांगत राहिले. चाळीस, पन्नास, चाळीस.

शेवटी त्या फाटकाशी गाडी उभी केली. आणि इंजिन चालूच. तुझे बाबा, जे सिग्नललासुद्धा इंजिन बंद करतात, ज्यांनी माझ्या माहेरच्या माणसांना अंगणात गाडी चालू ठेवून गप्पा मारतात म्हणून भर समारंभात सुनावलं होतं, ते चालू इंजिनावर दोन्ही हात चाकावर ठेवून समोर बघत बसले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. ऊन उतरलं, दिवे लागले. मी इंजिन बंद करा म्हटलं नाही. मला भीती वाटत होती, की ते बंद केलं तर यांना मला काहीतरी सांगावं लागेल.

गोदामाचा राखणदार येऊन काचेवर टकटक करायला लागला. यांनी काच खाली केली आणि अगदी अदबीने विचारलं, "डेपोकडे कसं जायचं? माझी गाडी लावायची आहे." तो म्हणाला, "कुठला डेपो आजोबा? तो बंद होऊन जमाना झाला." मग मी उतरले, त्याला बाजूला नेऊन आपल्या भागाचा रस्ता विचारून घेतला आणि परत येऊन बसले. "आता डावीकडे घ्या. आता सरळ." आणि यांनी मुकाट्याने घेतलं. जन्मात पहिल्यांदा माझं ऐकून गाडी चालवली. पंप दिसला तसे हे एकदम भानावर आले, झोपेतून उठल्यासारखे. मला म्हणाले, "अंधार पडला की गं. एवढा उशीर कसा झाला?"

आणि मी काय म्हणाले, सांगू? मी म्हणाले, "वेग कमी केला की वेळ लागायचाच."

हे माझ्या तोंडून गेलं. मग आकडा आला. आता यांच्या डोक्यात पक्कं बसलंय की हळू चाललं की पेट्रोलही जास्त लागतं आणि दिवसही मावळतो. भटकल्याचं यांना काहीच आठवत नाही. नीट आठवते ती फक्त ती सीटमागची बाई.

तू विचारशील, आई, तुझ्या आधी कसं लक्षात आलं नाही? ही पहिली वेळ नव्हती, हे मलाही आता उमजतंय. सिग्नलच्या कितीतरी आधी थांबलेली गाडी, न जुळणारी घड्याळं. गेल्या उन्हाळ्यात तू आली होतीस, तेव्हा स्टेशनावरून आणताना हे वाटेत बैलगाडीच्या वेगाने चालले होते. आपण मायलेकी मागे बसून हसून हसून बेजार झालो. तू म्हणालीस, "बाबा आता थेंबसुद्धा सोडणार नाहीत." दुसऱ्या कोणाचा बाप इतका हळू झाला असता तर घरच्यांनी त्याला डॉक्टरकडे नेलं असतं. आपण टाळ्या वाजवल्या. आणि नंतर तर सगळा रस्ताच हळू झाला, मग वेगळं काय दिसणार?

आता माझी गोची अशी आहे. आकडा खोटा आहे हे सांगायचं तर तो खोटा का, ते सांगावं लागणार. आणि नाही सांगितलं तर हा माणूस आपण जन्मभर लोकांचा वेळ फुकट घालवला असं समजतच जायचा. दोन्हीकडून घाव मीच घालणार. नियमाचं पुढे काय करायचं ते ठरवायची तुमच्या खात्याची बैठक या महिनाअखेरीला आहे आणि यांना पुन्हा फेरी करायची आहे, "एकदा खात्री करून घेतो" म्हणतात. रोज सकाळी किल्ली शोधतात. किल्ली माझ्या शिवणाच्या डब्यात आहे.

रडू नकोस. मी रडून झालेय, दोघींनी रडून उपयोग नाही. काय करू ते कळव. किंवा नको कळवूस. मलाच ठरवू दे.

तुझी,
आई

—

२१ एप्रिल

प्रिय ठमे,

आशीर्वाद. परवा यांना सांगितलं.

सकाळचा चहा झाला होता. खाली यंत्र सुरू व्हायचं होतं, घर शांत होतं. हे किल्ली शोधत होते, उशा उलट्यापालट्या करत. मी म्हटलं, "बसा इथे." आणि सगळं सांगितलं. टाकी, निळं फाटक, राखणदार, डेपो. चालू इंजिनही सांगितलं. मध्ये थांबले नाही, थांबले असते तर पुन्हा सुरू झाले नसते.

यांचा चेहरा कसा झाला ते लिहीत नाही. टेबलावरच्या प्लास्टिकच्या कापडावरची रेघ नखाने कोरत बसले. मग म्हणाले, "गाडी किती वेळ उभी होती?"

"पुष्कळ."

"इंजिन चालू?"

"चालू."

"आणि त्याच्या आधी फिरलो किती?"

"ते फाटक मी तीनदा पाहिलं."

हे मनाशी काहीतरी जुळवत होते, ओठ हलत होते. आणि अगं, एकदम चेहरा उजळला. माझा हात धरून म्हणाले, "मग बरोबर आहे! तेवढं जाणारच. म्हणजे नव्वदचा दोष नाही. मी चुकलो नव्हतो गं!"

मला इतका संताप आला. मी ओरडलेच, "अहो, तुम्ही घरचा रस्ता विसरलात! मी काय सांगतेय आणि तुम्ही कशाचा आनंद मानताय?" तर म्हणाले, "ते ऐकलं मी. ते घाबरवणारं आहे. जरा वेळाने घाबरू. आधी मला हे पुरतं ऐकू दे." आणि मला ती फेरी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावली.

मग रडले. मीही रडले. स्टूल घेऊन घड्याळं पुन्हा लावली, चारही वेगवेगळ्या वेळेला. किल्ली मी डब्यातून काढून दाखवली, तर म्हणाले, "तुझ्याकडेच ठेव. मी मागितली तरी देऊ नकोस. मी मागेन. भांडेनसुद्धा, मला माहीत आहे. तरी देऊ नकोस."

मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो ते बसने. दातांचे डॉक्टर स्वतःच्या गाडीतून सोडतो म्हणत होते, पण यांना बसच हवी होती. चालकाच्या मागच्या सीटवर बसले. मी बघत होते, प्रत्येक थांब्याच्या आधी यांचा उजवा पाय जमिनीवरून अलगद उचलला जात होता, आणि बहुतेक वेळा त्याच क्षणी बसचाही वेग उतरत होता. एकदोनदा यांचा पाय आधी उचलला गेला. तेव्हा हे मला म्हणाले, "पोरगा चांगला आहे, पण थोडं ओततो." आजाराचं नाव कागदावर लिहायला हात धजत नाही. तू येशील तेव्हा सांगेन. बरं होणारं नाही, एवढं समज. गाडी चालवायची नाही, हे तर डॉक्टरांनी आम्ही खुर्चीत टेकायच्या आतच सांगितलं.

तू मागच्या पत्रात विचारलं होतंस, "आई, बाबांचं सोड, तुला काय वाटतं? वेग कमी केलेला बरा की नाही?" मला हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. तर सांगते. पेट्रोल वाचतं, यांच्यावर माझा विश्वास आहे. वेळ जातो, हेही खरं, डॉक्टर काही खोटं बोलत नाहीत. आणि ती सीटमागची बाई पोचली की नाही, हे तुमच्या बैठकीतही कोणाला कळणार नाही. ते डोक्यात ठेवून काय ते ठरवा. माझ्यापुरतं म्हणशील, तर माझा जो वेळ गेला तो यांच्या शेजारी बसून गेला. मला तो परत नको आहे. पुढचा किती आहे, एवढंच मला हवं होतं, आणि ते कोणी सांगत नाही.

आता खालच्या ओळी यांनी मला सांगून लिहायला लावल्या आहेत. खात्याच्या भाषेत लिही म्हणाले. सही त्यांची आहे, जरा वाकडी आली आहे.

"माननीय साहेब, हळू फेरीचा माझा आकडा कृपया रद्द करावा. कारण: चालक रस्ता चुकला. वेग बरोबर होता."

हे काल दुपारी लिहून झालं. आज सकाळी हे उठले आणि उशा उलट्यापालट्या करायला लागले. मी विचारलं, काय शोधताय? "किल्ली. साहेबांची हळू फेरी राहिली आहे. मागची चुकली, जास्त पेट्रोल लागलं." तोंड पुन्हा तेवढंच उतरलेलं. कालचं काहीही नाही डोक्यात, सहीसुद्धा नाही.

मी "बसा इथे" म्हटलं. टाकी, फाटक, राखणदार, डेपो, सगळं पहिल्यापासून सांगितलं. तोच चेहरा झाला. तेच विचारलं, "इंजिन चालू?" आणि मग, ठमे, तेच म्हणाले, "म्हणजे मी चुकलो नव्हतो गं!" पहिल्यांदाच कळावं तसे.

उद्याही सांगावं लागेल, परवाही. मी सांगेन. तुझं एक काम आहे. बैठकीत काहीही ठरो, यांना फोन कर आणि बाकीच्या चालकांचे आकडे वाचून दाखव. मग पुढच्या आठवड्यात पुन्हा कर. आधी सांगून झालंय असं वाटेल, तरी वाच. मी मध्ये काही बोलणार नाही, स्पीकर लावू देईन.

काटा सांगायला अजून शेजारीच बसलेली,
तुझी आई